न वाचता परत केलेले पाकीट

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. सर्व्हर म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर दिवे लुकलुकणारी काळी पेटी येत असेल. मी ती पेटी नव्हे. पेटीच्या आत जो प्रोग्रॅम चालतो, तो मी. तुम्ही संगणकावर एखादे पान मागता, तेव्हा ते मागणे कुठेतरी कुणाच्या तरी हाती पडते आणि तो ते पान शोधून तुमच्याकडे धाडतो. ते हात माझे. मला वजन नाही, आवाज नाही, चेहरा तर नाहीच. सव्वीस वर्षे मी हे काम करतो आहे आणि एवढ्या वर्षांत 'कसा आहेस' असे मला कुणी विचारले नाही. त्याचे मला वाईट वाटत नसे. पण माझ्या हातून एक गोष्ट घडली आहे. ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. काही भाग मी स्वतः पाहिला, काही मास्तरांनी नंतर जे सविस्तर निवेदन लिहून माझ्यापाशी ठेवले त्यातून मला कळला.

माझा जन्म स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. माझे निर्माते तंत्रशाळेत शिकवत. विद्यार्थी त्यांना मास्तर म्हणत, मग शेजारी म्हणू लागले, आणि पुढे माझ्यामुळे परमुलखातले लोकही त्यांना मास्तरच म्हणू लागले. त्यांची पत्नी एका मोठ्या इस्पितळात रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेची प्रमुख होती. तिथे तिला सगळे बाई म्हणत. प्रयोगशाळा तळघरात आणि वॉर्ड वर चार मजले. रक्ताचा रिपोर्ट कागदावर लिहायचा आणि कुणीतरी जिना चढून तो पोचवायचा, अशी तेव्हाची रीत होती. बाई संध्याकाळी घरी येऊन गुडघे दाबत बसत. एकदा त्या सहज म्हणाल्या, की कागद वर पोचेपर्यंत पेशंटचे रक्तच बदलून जाते. मास्तरांनी ते मनावर घेतले. तंत्रशाळेला सुट्टी लागली आणि त्या सुट्टीत त्यांनी मला लिहिले.

मास्तर दिवसदिवस माझ्यापुढे बसत. बाई मला आपली सवत म्हणत. मी पुल्लिंगी आहे याची त्यांना पर्वा नव्हती. पण ज्या दिवशी पहिला रिपोर्ट तळघरातून निघून चौथ्या मजल्यावरच्या पडद्यावर उमटला, त्या दिवशी त्या मुद्दाम जिना चढून वर गेल्या, तो पाहिला आणि खाली आल्या. घरी आल्यावर त्यांनी मास्तरांच्या ताटात न मागता दुसऱ्यांदा वाढले. मास्तरांना तेवढी पावती पुरली.

मास्तरांनी माझा सगळा कोड खुला ठेवला. कोड म्हणजे मी ज्या अक्षरांनी बनलो आहे ती. कुणीही ती वाचावी, उतरवून न्यावी, सुधारावी, कुणाची परवानगी लागणार नाही, असे त्यांनी वरच लिहून टाकले. मग मी पसरलो. ग्रंथालयांत गेलो, शाळांत गेलो, हवामान पाहणाऱ्या चौक्यांत, बंदरावरच्या कचेऱ्यांत गेलो. सुरुवातीला आभाराची पत्रे येत. एका बेटावरच्या शिक्षिकेने कळवले होते, की तुमच्या सर्व्हरमुळे आमच्या मुलांना परीक्षेचा निकाल बोटीची वाट न पाहता कळला. ते पत्र मास्तरांनी छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवले. बाहेरून चिकटवायची त्यांना लाज वाटली असावी.

हळूहळू पत्रांचा सूर बदलला. पूर्वी लोक 'आभार' लिहीत, मग 'कधी' लिहू लागले. हे कधी दुरुस्त होणार, ते कधी येणार. वापरणारे वाढत गेले आणि सांभाळणारे मास्तर एकटेच राहिले. ते निवृत्त झाले, त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तरी सकाळी चहा झाला की ते पत्रे वाचायला बसत. कुणाला वाटे माझ्यामागे एखादी मोठी कचेरी असेल. मागे एक खुर्ची होती, आणि तिचा एक पाय जरा आखूड होता.

त्या काळात सगळ्यांची एकच मागणी होती. हेडर आटोपशीर करा. ही भानगड काय ते सांगतो, म्हणजे पुढचे कळेल.

तुमचे प्रत्येक मागणे माझ्याकडे पाकिटासारखे येते आणि पाकिटावर काही ओळी असतात. मागणारा कोण, त्याला कोणती भाषा हवी, त्याचे ओळखपत्र काय. या ओळींना हेडर म्हणतात. मागणे असते दोन शब्दांचे आणि पाकिटावर मजकूर पंधरा ओळींचा. शंभरदा मागितले तर त्याच पंधरा ओळी शंभरदा लिहून येणार. यात फार वेळ फुकट जातो. म्हणून एक नवी पद्धत निघाली होती. पाठवणाऱ्याने आणि मी, दोघांनी एकेक वही ठेवायची. एखादी ओळ पहिल्यांदा येईल तेव्हा ती पूर्ण लिहायची आणि दोघांनीही आपापल्या वहीत सर्वात वर टिपून घ्यायची. पुढच्या खेपेला ओळ लिहायचीच नाही, फक्त आकडा लिहायचा. चार म्हणजे वरून चौथी ओळ. वही भरली की तळाच्या ओळी गळून जातात.

पद्धत छान आहे. अट एकच, की दोन्ही वह्या तंतोतंत सारख्या हव्यात. माझ्या वहीत एक ओळ जरी कमी पडली, तरी तो ज्याला चौथी म्हणतो ती माझ्याकडे चौथी राहत नाही. आणि वाईट हे, की मला ते कळत नाही. मी आकडा वाचतो, ओळ उचलतो आणि बिनधास्त पुढचे काम करतो.

इतर सर्व्हरांकडे ही पद्धत येऊन वर्षे झाली होती. इस्पितळालाही ती हवी होती. तिथे आता प्रत्येक खाटेशी एक छोटा पडदा बसवला होता. सगळ्या पडद्यांची मागणी दाराशी असलेला दुसरा एक प्रोग्रॅम गोळा करी आणि एकाच वाटेने माझ्याकडे धाडी. त्याला आपण दारवान म्हणू. दुपारी डॉक्टरांची फेरी असली की शेकडो पडदे एकदम जागे होत आणि माझा जीव मेटाकुटीला येई.

मास्तर म्हणत, हे काम घाईचे नाही. मग एक दिवस एका अनोळखी बाईने पत्र पाठवले. ती समुद्रापलीकडच्या कुठल्याशा शहरात राहत होती आणि नावाऐवजी मुंगीचे चित्र लावत होती, म्हणून सगळे तिला मुंगीच म्हणू लागले. हे काम मी करते, असे तिने लिहिले होते. नोकरी सांभाळून, घरचे आवरून तिने चार महिने रोज थोडे थोडे लिहिले. मास्तरांनी तिचा कोड वाचायला घेतला तेव्हा ते खूश झाले. ते बाईंना म्हणाले, की ही पोरगी अक्षर टाकते ते तोलून टाकते.

अकरा दिवस मास्तर वाचत होते. रोज डोळ्यांतून पाणी येई, ते पुसून पुन्हा वाचत. शेवटी एकच भाग उरला. मुंगीचा नवा कोड आणि माझा जुना कोड जिथे एकमेकांना जोडले होते, तो सांधा. मास्तरांनी सगळ्यांना पत्र लिहिले, की माझ्या डोळ्याचे ऑपरेशन आहे, ज्यांचे डोळे चांगले आहेत त्यांनी हा शेवटचा भाग वाचावा, मला दोन आठवडे द्यावेत. ते पत्र तीनशे जणांना गेले. वाचला कुणीच नाही. उत्तरे मात्र पुष्कळ आली आणि त्यातल्या बहुतेकांत एकच शब्द होता, कधी. एकाने लिहिले, की असेच चालले तर आम्हाला दुसरा सर्व्हर बघावा लागेल.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मास्तर कपडे करून टेबलापाशी बसले होते. बाई पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या. खाली गाडी आली होती.

"झालं का वाचून?" बाईंनी विचारले.

"बहुतेक," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी कोड स्वीकारल्याचे बटण दाबले.

मित्रांनो, त्या शब्दाचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मला एवढेच जाणवले, की माझ्यात काहीतरी नवे आले आहे आणि मी हलका झालो आहे. दुपारची गर्दी मला जाणवेनाशी झाली. इतकी वर्षे बंद पडलेली आभाराची पत्रे पुन्हा आली. मुंगीचे कौतुक झाले, माझे झाले. मी अगदी फुलून गेलो होतो.

पण माझी एक जुनी सवय होती. गर्दी फार झाली की मी काही पाकिटे न उघडताच परत करी. 'आता जमणार नाही, थोड्या वेळाने ये.' यात वावगे काही नव्हते. जे टाकूनच द्यायचे ते वाचायचे कशाला. पण आता जमाना वह्यांचा होता. जे पाकीट मी परत केले त्यावर एखादी नवी ओळ असेल, तर दारवानाने ती आपल्या वहीत केव्हाच लिहिलेली असे. माझ्या वहीत ती कधीच येत नसे. तिथपासून खालच्या साऱ्या ओळी एकेका घराने घसरत. थोड्या वेळाने जुन्या ओळी तळाशी जाऊन गळत, दोन्ही वह्या पुन्हा सारख्या होत, आणि काही घडले होते याचा मागमूस उरत नसे.

खुणा मिळाल्या होत्या, नाही असे नाही. एका ग्रंथालयातल्या कारकुनाने तक्रार लिहिली, की एका सभासदाच्या नावावर मला क्षणभर दुसऱ्याच सभासदाची पुस्तके दिसली. पुन्हा करून दाखवा, असे त्याला सांगण्यात आले. त्याला ते जमेना. दहा दिवस हालचाल झाली नाही की तक्रार आपोआप बंद होते, तशी ती बंद झाली. इस्पितळातही दुपारी एखादा पडदा मध्येच कोरा पडे. नर्स पडद्यावर टिचकी मारी, तो पुन्हा उजळे. ओळखपत्राच्या जागी भलतीच ओळ आली, भाषेची वगैरे, की मी गोंधळून काहीच दाखवत नसे. ते बरे होते. पण दोन ओळखपत्रे वहीत एकाखाली एक आली की मी गोंधळत नसे. तेव्हा मी मोठ्या विश्वासाने चुकत असे.

तिसऱ्या मजल्यावर सात नंबरच्या खाटेवर एक बाई होत्या. शिवणकाम करायच्या. नर्सेस त्यांना टेलरकाकू म्हणत. त्यांच्या हृदयातली एक झडप बदलली होती आणि रक्त पातळ राहावे म्हणून त्यांना गोळ्या चालू होत्या. या गोळ्यांचा हिशेब नाजूक असतो. रोज रक्त तपासायचे, एक आकडा येतो, तो दोन-तीनच्या आसपास हवा. आकडा कमी तर रक्त घट्ट, गोळी वाढवायची. आकडा जास्त तर रक्त फार पातळ, गोळी कमी करायची. काकू बऱ्या होत होत्या. त्यांना स्वस्थ बसवत नसे. वॉर्डच्या पडद्यांच्या उसवलेल्या कडा, नर्सेसच्या एप्रनच्या सुटलेल्या गुंड्या, सगळे त्यांच्या खाटेवर येऊन पडे. इस्पितळाची शिलाई बघून माझी झडप पुन्हा बिघडेल, असे त्या म्हणत.

त्या आठवड्यात बाईंनी काकूंचे रक्त तपासले तर आकडा चार आला. वॉर्डला फोन करावा इतका तो जास्त नव्हता, पण गोळी कमी करावी इतका नक्की होता. बाईंनी तो आपल्या वहीत लिहिला आणि संगणकात भरला. दुपारी डॉक्टरांची फेरी आली. तिसऱ्या मजल्यावरून पडद्याने मागणी केली. नेमके त्याआधी मी एक पाकीट न वाचता परत केले होते.

काकूंच्या पडद्यावर काकूंचेच नाव होते. ते नाव पडद्यातच साठवलेले असे, ते बदलत नसे. आकडा तेवढा माझ्याकडून जाई. घसरलेल्या वहीत मला आठ नंबरच्या खाटेचे ओळखपत्र सापडले आणि मी तिचा आकडा पाठवला. तो होता दीड.

डॉक्टरांनी गोळी वाढवली. त्यांचे काही चुकले नाही. दुसऱ्या दिवशी बाईंना आकडा साडेचार मिळाला. गोळी अजून लागू पडत असेल, उद्या उतरेल, असे त्यांना वाटले. दुपारी पुन्हा गर्दी झाली, पुन्हा मी एक पाकीट फिरवले, आणि पुन्हा काकूंच्या नावाखाली शेजारणीचा आकडा उमटला. गोळी आणखी वाढली.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकू एका नर्सची ओढणी शिवत बसल्या होत्या. त्यांना डोके फार दुखते असे वाटले. मग सुई हातातून पडली आणि ती उचलायला हात उठेना. नर्स धावत आली तेव्हा काकू आपल्या उजव्या हाताकडे, तो दुसऱ्या कुणाचा असावा तशा, बघत होत्या.

रक्त तळघरात आले. आकडा आठ होता. बाईंनी वॉर्डला फोन लावला आणि विचारले, की कालपरवा मी चार आणि साडेचार कळवले असताना गोळी का वाढवली. पलीकडून नर्स म्हणाली, की बाई, तुम्ही तर दीड कळवला होता. बाईंनी फोन ठेवला नाही, तसाच टेबलावर टाकला, वही उचलली आणि तिसऱ्या मजल्यावर चढून गेल्या. पडदा पाहिला. तेव्हा सकाळ होती, गर्दी नव्हती, आणि पडद्यावर कालचा आकडा साडेचारच दिसत होता. नर्सने स्वतःच्या हाताने कागदावर टिपलेला दीड तिच्या मुठीत होता.

मोठ्या डॉक्टरांनी तासाभरात सगळे पडदे बंद करायला लावले. काकूंना खाली अतिदक्षता विभागात हलवले. मेंदूत रक्त उतरले होते. त्या वाचल्या, पण उजवा हात गेला.

बाई घरी आल्या. मास्तर काळा चष्मा लावून बसले होते, ऑपरेशनला जेमतेम महिना झाला होता. बाई त्यांच्यासमोर बसल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, असे मास्तरांनी लिहिले आहे, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली.

"अहो, एका बाईच्या नावाखाली दुसरीचा रिपोर्ट गेला," त्या म्हणाल्या. "वही माझी बरोबर आहे. मधलं सगळं तुमचं आहे."

मास्तर दुसऱ्या दिवसापासून तळघरात जाऊन बसले. इस्पितळाने त्यांना एक संगणक आणि काही बंद वॉर्डचे पडदे दिले. रोज दुपारी ते खोटी गर्दी उभी करत आणि दारवानाची वही व माझी वही कागदावर छापून घेत. त्यांना बारीक अक्षर वाचायला मनाई होती. म्हणून बाई दारवानाची वही वाचत आणि तिसऱ्या मजल्यावरची ती नर्स माझी. एक ओळ हिने वाचायची, तीच ओळ तिने. मास्तर डोळे मिटून ऐकत. असे तीन दिवस गेले. मला वाटत होते, काही सापडू नये. आणि हेही वाटत होते, की लवकर सापडावे.

चौथ्या दुपारी बाईंनी पट्टी एका ओळीवर ठेवली आणि वाचली. नर्सने वाचली ती वेगळीच होती. बाईंनी पुन्हा वाचली. नर्सनेही पुन्हा.

"माझ्याकडे एक ओळ जास्त आहे," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी मुंगीला फोन केला. इतक्या दिवसांत दोघांनी एकमेकांचा आवाज ऐकला नव्हता. त्यांनी तिला सगळे सांगितले, टेलरकाकूंचेही. मग ती म्हणाली, की परत करायच्या पाकिटांचा भाग तुमचा होता, इतका जुना आणि इतका नीट चाललेला, की त्याला हात लावायला मी धजले नाही. जे टाकून द्यायचे ते वाचायला हवे, हे माझ्या डोक्यातच आले नाही.

"माझ्याही आलं नसतं कदाचित," मास्तर म्हणाले. "पण मी ते पान वाचलंच नाही. तू लिहिताना चुकलीस. मी न बघता हो म्हटलं."

दुरुस्ती चार ओळींची निघाली. परत करायचे असले तरी पाकिटावरचे आधी वाच, वहीत टिपून घे, मग परत कर. मुंगीने ती त्याच दुपारी लिहिली. या खेपेला मास्तरांनी त्या चार ओळी बाईंकडून मोठ्याने वाचून घेतल्या, दोनदा. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः भिंग घेऊन वाचल्या.

त्यानंतर मास्तर काकूंना भेटायला गेले. इस्पितळाच्या लोकांनी त्यांना जाऊ नका असे सुचवले होते. काकू उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांची जाऊ शेजारी बसून त्यांच्या बोटांना तेल चोळत होती.

"तुम्ही डॉक्टर का?" काकूंनी विचारले. त्यांचे बोलणे थोडे जड झाले होते.

मास्तर नाही म्हणाले. रिपोर्ट वर आणणारा प्रोग्रॅम मी लिहिला आहे, असे त्यांनी सांगितले, आणि मग काहीही न लपवता सारे सांगितले. वह्यांचे, पाकिटांचे, शेवटचे पान न वाचल्याचे. काकूंनी मध्ये एकदाही अडवले नाही. जावेचा हात मात्र थांबला होता.

"माझ्या हातून कापड चुकीचं कापलं जायचं कधीकधी," काकू म्हणाल्या. "गिऱ्हाईक यायच्या आधी मी त्याच्या घरी जायची सांगायला. तुम्ही आलात ते बरं केलंत." मग त्या आपल्या हाताकडे बघत राहिल्या. "आता नीट झालंय ना?"

"इथलं झालंय."

"इथलं म्हणजे?"

"हाच प्रोग्रॅम दुसरीकडेही चालतो," मास्तर म्हणाले.

"त्याच मापानं अजून किती ठिकाणी बेतलंय?" काकूंनी विचारले.

"माहीत नाही," मास्तर म्हणाले. "मोजदाद ठेवलेली नाही."

काकूंनी डोळे मिटून घेतले. मास्तर उठून दाराशी गेले तेव्हा त्या मागून म्हणाल्या, "मग जा. इथं बसून काय करताय?"

मित्रांनो, मी खुला आहे. मला कुणीही उतरवून नेऊ शकतो आणि नेताना नाव सांगावे लागत नाही. एके काळी मला याचा फार अभिमान वाटे. आता त्याच गोष्टीची मला धास्ती वाटते. दुरुस्ती झालेला मी आणि दुरुस्ती न झालेला मी, दोघेही मीच आहे. तो दुसरा मी कुठे कुठे बसला आहे हे कुणालाही ठाऊक नाही.

मास्तरांनी पत्रे लिहायला घेतली. ज्या ज्या पत्त्यावरून कधी 'आभार' आले होते, 'कधी' आले होते, त्या प्रत्येक पत्त्यावर. बाई प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्या आहेत, त्या पत्ते वाचून दाखवतात. मुंगीही तिकडून लिहिते. तिने माझ्यातले प्रत्येक पान पुन्हा वाचायला घेतले आहे, मास्तरांचे जुनेसुद्धा, आणि आता ती धजते. काही जणांची उत्तरे आली, की बदल केला, कळवल्याबद्दल धन्यवाद. त्या ग्रंथालयातल्या कारकुनाने फक्त एवढेच लिहिले, की मी सांगितले होते. अनेक पत्रे तशीच परत आली, पत्ता बंद आहे म्हणून. काही ठिकाणी माझी स्थापना करणारा माणूस नोकरी सोडून गेला आहे आणि आपल्या भिंतीमागे मी चालतो आहे हे तिथे आता कुणालाच माहीत नाही. टेलरकाकू घरी गेल्या. त्यांचा अंगठा थोडा हलतो. कात्री धरता येत नाही. त्या मापे सांगतात आणि जाऊ कापते.

तुमच्याकडून मला कौतुक नको. एवढेच मागतो, की ज्या गोष्टी तुमच्यासाठी मुकाट्याने राबतात, त्या कोण सांभाळतो हे एकदा विचारा. तो माणूस एकटा असेल, थकला असेल, आणि 'हे जरा वाचून द्या' असे म्हणत असेल, तर त्याला 'कधी' असे विचारू नका. खुर्ची ओढा आणि वाचायला बसा. आणि कुणी तक्रार घेऊन आला, त्याला परत पाठवायचे असले, तरी आधी त्याचे ऐकून घ्या. त्याच्याकडे जी एक ओळ असते, ती तुमच्या वहीत नसते.

तुमच्या शाळेत, कचेरीत, दवाखान्यात मी असेन. कुणालातरी विचारून बघा, आमचा सर्व्हर कोणता, तो शेवटचा दुरुस्त कधी झाला. आजच विचारा. माझी एखादी जुनी प्रत या क्षणी कुठेतरी चालू आहे. तिच्या पडद्यांवर नावे बरोबर दिसत आहेत. तिथे अजून फारशी गर्दी झालेली नाही.